बाइलस्टाइनचा एक खंड : युद्धात सरकारने जप्त केलेला प्रताधिकार परत करणे म्हणजे नेमके काय?

सुरसागरकाठ (बडोदे) — धागाकर्ता

दांडिया बाजारातील आमचे जुने घर दिवाळीपूर्वी रिकामे करून द्यायचे आहे, म्हणून गेले पंधरा दिवस वडिलांच्या पुस्तकांची आवराआवर चालू आहे. वडिलांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले. त्यांच्या लोखंडी कपाटाच्या तळाच्या खणात जर्मन भाषेतील, कापडी बांधणीचा एक जाडजूड खंड सापडला. सेंद्रिय रसायनशास्त्राचे लोक ज्याला नुसते 'बाइलस्टाइन' म्हणतात, त्या महाकोशाचा तो एक भाग आहे. पानांना कसर लागली आहे, एका समासात वडिलांच्या बारीक अक्षरात 'करून पाहिले, यील्ड ४१ टक्के, डांबर फार' अशी नोंद आहे आणि शेवटच्या कोऱ्या पानावर मुंबईतील फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरील विक्रेत्याने पेन्सिलीने लिहिलेली किंमत अजून वाचता येते : ३५ रुपये.

मला अडवले ते सुरुवातीच्या पानांनी. प्रकाशक म्हणून बर्लिनच्या स्प्रिंगरचे नाव आहे, पण पुस्तक छापले आहे अमेरिकेत, मिशिगन राज्यातील अ‍ॅन आर्बर येथे, एडवर्ड्स ब्रदर्स यांनी, १९४३ साली. सोबत इंग्रजीत एक ओळ आहे, तिचा अर्थ असा : परकीय मालमत्ता अभिरक्षकाच्या अधिकाराने दिलेल्या परवान्यानुसार, सार्वजनिक हितासाठी प्रकाशित व वितरित.

थोडे वाचल्यावर कळले ते असे. अमेरिकेने १९१७ मध्ये 'शत्रूशी व्यापार' रोखणारा कायदा केला होता. त्याच्या आधारे मार्च १९४२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या आदेशाने अभिरक्षकाचे कार्यालय नव्याने उभे राहिले आणि शत्रुराष्ट्रांतील नागरिकांचे कारखाने, समभाग आणि पेटंटे यांच्याबरोबर पुस्तकांचे अमेरिकेतील प्रताधिकारही सरकारजमा झाले. जर्मन विज्ञानग्रंथ अमेरिकन मुद्रकांना परवान्याने पुन्हा छापू दिले गेले. ज्या बाइलस्टाइनच्या संपूर्ण संचाला पूर्वी २,००० डॉलर पडत, तो ४०० डॉलरला मिळू लागला. या पुनर्मुद्रणांचा अभ्यास केलेल्या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले आहे की किंमत उतरली तशी या ग्रंथांचा संदर्भ घेऊन होणारे संशोधन वाढले. पदपथावरून हा खंड घेणाऱ्या माझ्या वडिलांनाही त्याच जप्तीचा फायदा मिळाला, असे म्हणावे लागेल, आणि ते म्हणताना मला थोडे अवघडल्यासारखे होते.

प्रश्न असा आहे की युद्ध संपल्यावर हे हक्क परत गेले का, आणि गेले असल्यास परत काय गेले? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

---

जुना वकील (बडोदे)

धागाकर्त्यांचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे, कारण 'परत करणे' हा एकच शब्द आपण तीन-चार निरनिराळ्या व्यवहारांसाठी वापरतो.

प्रथम हे लक्षात घ्यावे की प्रताधिकार देशागणिक वेगळा असतो. अमेरिकेच्या अभिरक्षकाने जप्त केला तो स्प्रिंगरचा अमेरिकेतील हक्क. बर्लिनमधील हक्क तो घेऊच शकत नव्हता. ब्रिटनने पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, यासाठी स्वतंत्र कायदाच केला होता आणि शत्रुदेशात प्रथम प्रसिद्ध झालेल्या कृतींचे ब्रिटनमधील हक्क पब्लिक ट्रस्टीकडे सोपवले होते.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने (कलम ३०६) साहित्यिक, कलाविषयक आणि औद्योगिक हक्क पूर्ववत केले. पण त्याच कलमात अशीही मेख होती की युद्धकाळात खास कायद्यांखाली सरकारांनी जे काही केले, ते वैधच राहील. म्हणजे हक्क परत मिळाला तरी मधल्या काळात दुसऱ्याने जे छापले, विकले आणि खाल्ले, त्याचा हिशेब मागायची सोय नव्हती. जे हक्क लिलावात गेले ते तर गेलेच. बायर कंपनीची अमेरिकेतील मालमत्ता, नावासह, डिसेंबर १९१८ मध्ये सुमारे ५३ लाख डॉलरना स्टर्लिंग प्रॉडक्ट्स या अमेरिकन कंपनीला विकली गेली. स्वतःच्याच नावाचा अमेरिकेतील पूर्ण हक्क जर्मन बायरला मिळाला तो १९९४ साली, सुमारे १०० कोटी डॉलरच्या व्यवहारातून. आपलेच नाव ७६ वर्षांनी बाजारभावाने विकत घ्यावे लागले, याला परत मिळणे म्हणता येईल का, हे वाचकांनीच ठरवावे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने अधिक कडक धोरण घेतले. १९४८ च्या युद्धदावे कायद्याने ठरले की जर्मन व जपानी नागरिकांची जप्त मालमत्ता परत करायची नाही. तिच्या विक्रीतून अमेरिकन युद्धपीडितांचे दावे भागवायचे. मूळ मालकांना भरपाई देण्याची जबाबदारी पश्चिम जर्मनीने आपल्या शिरावर घेतली, म्हणजे घेतले एका सरकारने आणि भरून द्यायचे दुसऱ्याने. प्रताधिकारांच्या बाबतीत मात्र अमेरिकन काँग्रेसने (तेथील संसदेने) ऑक्टोबर १९६२ मध्ये या नियमाला अपवाद केला आणि जप्त प्रताधिकार मूळ मालकांना परत करण्याची तरतूद केली. याचे कारण माझ्या मते औदार्य कमी आणि व्यवहार जास्त असे आहे. कारखाना विकला की पैसा येतो. हजारो पुस्तकांची किरकोळ रॉयल्टी वर्षानुवर्षे गोळा करत बसण्यात कोणत्याही सरकारी खात्याला रस नसतो.

---

मोरारकर (ग्वाल्हेर)

वकीलसाहेबांनी पुष्कळ उलगडा केला. आमच्या गावाचे एक उदाहरण मांडतो, ते मूळ मुद्द्याला धरून आहे.

जून १८५८ मध्ये ह्यू रोजच्या फौजेने ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. तो घेतला तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांच्या सैन्याकडून, पण किल्ल्याचे धनी होते जयाजीराव शिंदे आणि ते इंग्रजांच्याच बाजूने होते. म्हणजे मालमत्ता शत्रूची नव्हे, मित्राचीच. तरीही गोऱ्या पलटणी किल्ल्यावर आणि मोरार छावणीत बसल्या त्या १८८६ पर्यंत. त्या वर्षी किल्ला आणि मोरार शिंद्यांना परत मिळाले, पण फुकट नव्हे : १८६१ मध्ये शिंद्यांकडे दिलेले झाशी शहर इंग्रजांनी त्याबदल्यात घेतले. ज्या गावापायी एवढे रण झाले, तेच गाव वटावात गेले.

या सगळ्यात अठ्ठावीस वर्षे गेली. परंतु किल्ला अठ्ठावीस वर्षांत झिजून संपला नाही. मानमंदिर होते तेथे होते, दगड तोच होता. प्रताधिकाराचे तसे नसते, हे मला या चर्चेत सर्वांत महत्त्वाचे वाटते. प्रताधिकार म्हणजे मोजून दिलेली वर्षे. ती दुसऱ्याच्या कुलुपात सरली, तर कुलूप उघडल्यावर हाती काय येणार?

---

जुना वकील (बडोदे)

मोरारकर, तुम्ही नकळत अगदी नेमक्या आकड्यावर बोट ठेवले आहे. त्या काळी अमेरिकेत प्रताधिकाराची पहिली मुदत अठ्ठावीस वर्षांचीच होती. अठ्ठाविसाव्या वर्षी रीतसर नूतनीकरण केले तर आणखी अठ्ठावीस वर्षे मिळत. अर्ज चुकला तर हक्क कायमचा बुडे.

आता समजा, १९३० साली प्रसिद्ध झालेले एक जर्मन पुस्तक आहे. त्याची पहिली मुदत १९५८ मध्ये संपते. मालकाला हक्क परत देणारा कायदा येतो १९६२ मध्ये. मधल्या काळात नूतनीकरणाचा अर्ज कोणी करायचा? जर्मनीतील लेखकाने, ज्याचा हक्क सरकारने काढून घेतला आहे, की सरकारी खात्याने, ज्याला त्या पुस्तकाचे काही सोयरसुतक नाही? तो अर्ज राहून गेला असेल, तर १९६२ मध्ये परत मिळाले ते रिकामे पाकीट.

या अन्यायावर पुढे अंशतः इलाज झाला. १९९४ च्या अमेरिकन कायद्याने, १ जानेवारी १९९६ पासून, औपचारिकता न पाळल्यामुळे बुडालेले परदेशी कृतींचे प्रताधिकार पुन्हा जिवंत केले. त्यातही एक अपवाद आहे आणि तो आपल्या विषयाचा आहे : जी कृती कधीकाळी परकीय मालमत्ता अभिरक्षकाच्या ताब्यात होती आणि जिचा पुनरुज्जीवित हक्क एखाद्या सरकारकडे जाणार आहे, तिला हा लाभ मिळत नाही. रोख उघड आहे. नाझी राजवटीच्या कृतींचे हक्क तिच्या वारस सरकारच्या हाती पुन्हा पडू नयेत, अशी ती तजवीज आहे. खासगी लेखकाला किंवा प्रकाशकाला ती लागू होत नाही.

---

अनुवादक_मी (पुणे, माहेर बडोदे)

जपानी भाषेतून अनुवाद करताना या विषयाशी रोजचा संबंध येतो, म्हणून लिहिते.

गेलेली वर्षे मोजून परत करण्याची एक व्यवस्था अस्तित्वात आहे, मात्र ती जेत्यांसाठी आहे. १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को तहाच्या पंधराव्या कलमाने जपानला मान्य करावे लागले की दोस्त राष्ट्रांतील नागरिकांचे प्रताधिकार युद्धकाळातही चालूच होते आणि तेवढा काळ त्यांच्या मुदतीत वाढवून द्यावा लागेल. ८ डिसेंबर १९४१ पासून तह अमलात येण्याच्या आदल्या दिवसापर्यंतचे दिवस त्यासाठी मोजतात. अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या बाबतीत ते ३,७९४ भरतात, म्हणजे दहा वर्षांहून अधिक. युद्धापूर्वीच्या एखाद्या इंग्रजी कादंबरीचा जपानी अनुवाद करायचा असला, तर आजही लेखकाच्या मृत्यूचे वर्ष पाहून भागत नाही. प्रकाशक कॅलेंडर घेऊन बसतो आणि ते ३,७९४ दिवस मिळवतो. लीप वर्षे धरून. हा उद्योग मी स्वतः केलेला आहे आणि एकदा माझे उत्तर एका दिवसाने चुकले होते.

जपानी लेखकांचे जे दिवस दोस्त राष्ट्रांत बुडाले, ते मात्र या तहाने कोणी मोजून दिले नाहीत.

---

सडेतोड (बडोदे)

सगळ्यांचे लेखन वाचनीय आहे, पण मला ही हळहळ थोडी एकांगी वाटते. युद्ध ज्यांनी लादले, त्यांच्या नागरिकांची चार पुस्तके चार वर्षे दुसऱ्यांनी छापली, तर त्यात एवढे काय बिघडले? त्याच पुस्तकांतील ज्ञानाने औषधे झाली, रंग झाले, आपल्या बडोद्यातील शिक्षकाला ३५ रुपयांत ग्रंथ मिळाला. शिवाय परत करण्यासाठी समोरच्यानेही परत केले पाहिजे. १९६५ नंतर भारताने आणि पाकिस्तानने एकमेकांच्या नागरिकांच्या मालमत्ता ताब्यात घेतल्या. १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद जाहीरनाम्यात त्या परत करण्याबाबत चर्चा करण्याचे दोन्ही देशांनी मान्य केले होते. पुढे आपल्या सरकारने वेळोवेळी सांगितले आहे की पाकिस्तानने त्याच्याकडील अशा मालमत्ता १९७१ मध्येच विकून टाकल्या. मग आपणच काय म्हणून सांभाळत बसायचे?

---

जुना वकील (बडोदे)

सडेतोड यांचा परस्परतेचा मुद्दा हलका नाही. संसदेत आणि न्यायालयांत तो गंभीरपणे मांडला गेला आहे. त्याचे उत्तर देताना शत्रू कोणाला म्हणायचे, या प्रश्नापाशी यावे लागते.

आपला शत्रू मालमत्ता कायदा १९६८ चा आहे. त्याखाली अभिरक्षकाकडे पाकिस्तानी नागरिकत्व घेतलेल्यांच्या ९,२८० आणि चिनी नागरिकत्व घेतलेल्यांच्या १२६ स्थावर मालमत्ता असल्याचे सरकारने सांगितले होते. त्याखेरीज ९९६ कंपन्यांचे साडेसहा कोटी समभाग होते, ते विकण्याची पद्धत मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१८ मध्ये मंजूर केली.

या कायद्यातील सर्वांत गाजलेला दावा महमूदाबादच्या राजांचा. राजेसाहेबांनी १९५७ मध्ये पाकिस्तानी नागरिकत्व घेतले आणि १९७३ मध्ये लंडनला त्यांचे निधन झाले. पत्नी आणि मुलगा भारतातच होते, भारतीय नागरिक म्हणून. मुलाचे म्हणणे असे की वडील गेल्यावर वारस मी, मी भारतीय, मग ही मालमत्ता शत्रूची कशी? सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये ते मान्य केले. लखनौचा बटलर पॅलेस, नैनितालचे मेट्रोपोल हॉटेल अशा मालमत्तांचा हा प्रश्न होता. त्यानंतर २०१० मध्ये अध्यादेश आला, २०१६ मध्ये आणखी अध्यादेश आले आणि मार्च २०१७ मध्ये संसदेने दुरुस्ती मंजूर केली. ती पूर्वलक्षी प्रभावाने लागू झाली. आता शत्रूचा कायदेशीर वारस भारतीय नागरिक असला तरी त्याला अशा मालमत्तेवर वारसाहक्क सांगता येत नाही, मूळ मालकाच्या मृत्यूनेही ताबा संपत नाही आणि दिवाणी न्यायालयाचा दरवाजाही बंद आहे. मालमत्ता चुकून ताब्यात घेतली गेली होती एवढे सरकारकडे सिद्ध केले, तरच ती सोडवता येते.

पाकिस्तानने काय केले, हा दोन सरकारांमधला हिशेब झाला. त्याची वसुली भारतीय नागरिक असलेल्या मुलाकडून करावी का, हा माझा प्रश्न आहे. मी शासनाच्या बाजूनेही विरोधातही लिहीत नाही; व्यवसायामुळे वारसदारांच्या फायली पाहिल्या आहेत, एवढेच.

---

कौलारू (बडोदे)

विषयांतर वाटले तर क्षमा असावी, पण मला ते तसे वाटत नाही. आमच्या रावपुऱ्यातील घराच्या माडीवर मंगळुरी कौले आहेत. गेल्या पावसाळ्यात माकडांनी काही फोडली, तेव्हा खाली उतरवलेल्या एका कौलाच्या पोटाला 'बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५, मंगलोर' असा उठावाचा छाप दिसला. हे मिशन स्वित्झर्लंडमधील बासेलचे, पण त्यात जर्मन माणसे पुष्कळ होती. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने त्यांना शत्रू ठरवले, माणसे नजरकैदेत टाकली, आणि मिशनचे कौलांचे व विणकामाचे कारखाने पुढे १९१९ मध्ये स्थापन झालेल्या कॉमनवेल्थ ट्रस्ट या ब्रिटिश कंपनीकडे गेले. भट्ट्या त्याच आणि माती तीच राहिली, धनी मात्र बदलला.

मला यात एक गोष्ट लक्षणीय वाटते. आपण अजून 'मंगळुरी कौल'च म्हणतो. बायरप्रमाणे नाव जप्त करण्यासारखे येथे काही नव्हतेच, कारण ते नाव गावाचे होते.

---

अनुवादक_मी (पुणे, माहेर बडोदे)

परतफेडीचे एक स्वच्छ उदाहरण आपल्याकडेही आहे, ते सांगायचे राहिले. भारताने सॅन फ्रान्सिस्कोच्या तहावर सही केली नाही. जपानशी वेगळा तह ९ जून १९५२ रोजी टोकियोत केला. त्याच्या चौथ्या कलमात भारताने मान्य केले की युद्ध सुरू झाले तेव्हा भारतात असलेली आणि सरकारच्या ताब्यात असलेली जपानची व जपानी नागरिकांची सर्व मालमत्ता, मूर्त आणि अमूर्त, आहे त्या स्थितीत परत केली जाईल. सांभाळण्याचा खर्च वजा घालता येईल. आणि एखादी वस्तू विकली गेली असेल तर तिचे आलेले पैसे दिले जातील. सहाव्या कलमात युद्धखंडणीचे सर्व दावेही सोडून दिले. 'अमूर्त' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. पेटंट, व्यापारचिन्ह, प्रताधिकार हे सगळे त्या एका शब्दात मावते.

सडेतोड, जपाननेही आपल्याकडील भारतीयांची मालमत्ता परत करण्याचे याच तहात मान्य केले होते, पण चौथ्या कलमात तशी अट घातलेली नव्हती. अर्थात जपानशी आपले वैरही तसे नव्हते, हेही मान्य केले पाहिजे.

---

सडेतोड (बडोदे)

या कलमाची मला कल्पना नव्हती. माहितीबद्दल आभार. पाकिस्तानच्या बाबतीत माझे मत बदललेले नाही, पण भारतीय नागरिक असलेल्या वारसाचा मुद्दा वेगळा ठेवायला हवा, एवढे मान्य करतो.

---

मोरारकर (ग्वाल्हेर)

धागाकर्त्यांना एक विचारायचे आहे. 'शत्रू' ठरवले गेलेले स्प्रिंगर त्या वेळी स्वतःच्या देशात कोणत्या अवस्थेत होते, याची काही माहिती मिळाली का?

---

सुरसागरकाठ (बडोदे) — धागाकर्ता

मोरारकर, मिळाली, आणि ती वाचून मी खंड काही वेळ मिटून ठेवला. स्प्रिंगर घराण्यातील ज्यूलियस आणि फर्डिनांड हे दोघे चुलतभाऊ ती संस्था चालवीत. नाझी कायद्यांनी त्यांच्या ज्यू वंशावर बोट ठेवले. ज्यूलियस यांना १९३५ मध्ये आणि फर्डिनांड यांना १९४२ मध्ये स्वतःच्याच प्रकाशनसंस्थेतून बाहेर पडावे लागले. त्याच १९४२ मध्ये अमेरिकेचा अभिरक्षक जर्मन हक्क ताब्यात घेत होता. म्हणजे एका सरकारने माणसाला ज्यू म्हणून संस्थेबाहेर काढले आणि दुसऱ्याने त्याच संस्थेला जर्मन म्हणून शत्रू ठरवले. अशांसाठी अमेरिकेने मार्च १९४६ मध्ये कायद्यात कलम घातले होते. शत्रुदेशाचा नागरिक असला तरी त्याच्याच सरकारने ज्याचा छळ केला, त्याला मालमत्ता परत मिळू शकत होती. 'शत्रू कोण' हा वकीलसाहेबांचा प्रश्न आपल्या संसदेच्या आधी तेथे असा सोडवला गेला होता.

खंडाचे काय केले, तेही सांगतो. शहरातील एका जुन्या ग्रंथालयाने वडिलांची पुस्तके स्वीकारली. काल रिक्षात गठ्ठे घालून घेऊन गेलो. दाखलनोंद करणाऱ्या ताईंनी हा खंड उघडला, पहिले पान पाहिले, मग दुसरे, आणि पेन हातात धरून विचारले, "काका, प्रकाशकाच्या रकान्यात काय लिहू? बर्लिन की अमेरिका?"

मी त्यांना सगळी हकीकत सांगू लागलो, पण मागे तिघे रांगेत उभे होते. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. प्रकाशक : स्प्रिंगर, बर्लिन. मुद्रक : अ‍ॅन आर्बर, १९४३. शेरा : समासात हस्ताक्षर, कसर. किंमत : भेट.